सुरंगीचे वळेसर आणि साईशचं औषध

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि मला राग आला आहे. माझा रंग उडाला, दाराचं रबर सैल झालं, सुरू होताना मी खोकतो, याचा राग नाही. वय झालं की असं व्हायचंच. राग वेगळाच आहे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आलो. गावाचं नाव सांगत नाही. माझ्या दाराला कुंकू लावलं, नारळ फोडला. समोरच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक जायचे आणि लाल धूळ माझ्यावर बसायची. विनोदिनी नर्स मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "हो फ्रिज आसा म्हण आमचो दवाखानो चलता." माझ्या पोटात लहान मुलांच्या लशी असायच्या, साप चावल्यावरचं औषध असायचं. मी मन लावून थंड राहायचो.

मग माझ्याकडे साईशचं औषध आलं. साईश नऊ वर्षांचा होता. त्याचे बाबा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवत, आई सुलोचना सावंतवाडीकडची. साईशला जन्मापासून एक दुर्मीळ आजार होता. त्याचं रक्त गोठत नसे. नुसता मार लागला तरी आतल्या आत सांध्यात रक्त साठायचं. ते थांबवणारं औषध सुलोचनानं दारोदार विनवण्या करून मुंबईहून मिळवलं होतं. घरी फ्रिज नव्हता, म्हणून ते खोकं माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं. सुलोचना बाजाराला आली की आत डोकावायची, दार हळूच लावायची आणि माझ्यावर हात ठेवायची. मला फार बरं वाटायचं.

आणि मग तो दिवस उगवला. ह्याच आजाराचा जागतिक जागृती दिन! वरून हुकूम आला की साजरा करा. पणजीहून मोठे साहेब येणार होते. अंगणात मंडप घातला, लाकडी व्यासपीठ उभं राहिलं. हेडक्लार्क दत्ताराम मूळचे हळर्णचे. त्यांच्या घरच्या सुरंगीला बहर होता. पाहुण्यांना बाजारचे हार कशाला, म्हणून त्यांनी त्या फुलांचे परडीभर वळेसर, म्हणजे गजरे, ओवून आणले, अगदी हौसेनं. पण एप्रिलच्या उकाड्यात फुलं कोमेजणार. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझं दार उघडलं.

"सुरंगी बावल्यार साहेबाक कितें घालतले?" असं म्हणत त्यांनी साईशचं खोकं काढून खिडकीत ठेवलं आणि त्या जागी परडी सरकवली. खाली सोड्याच्या बाटल्या कोंबल्या. विनोदिनी तेव्हा घरी गेली होती. मी काय करणार? मला हात नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब उशिरा आले. तोवर खिडकीतल्या खोक्यावर ऊन तापत होतं. शाळेची मुलं फलक घेऊन ताटकळत होती. साहेबांना हार कोण घालणार? साईश! रोगी मुलाच्या हातून हार घातला की फोटो चांगला येतो ना! थंडगार वळेसर हातात घेऊन तो पायऱ्या चढला आणि पाय घसरून गुडघ्यावर पडला. कुठं खरचटलंही नव्हतं. कुणीतरी त्याला उभं केलं, हार घालून घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाषण संपेपर्यंत गुडघा टम्म फुगला होता. सुलोचना त्याला उचलून धावत आत आली. विनोदिनीनं माझं दार उघडलं. आत सोडा होता आणि सुरंगीचा वास.

"माझ्या झिलाचा औषद खंय आसा?" सुलोचना किंचाळली.

खोकं खिडकीत सापडलं. डॉक्टरांनी ते हातात धरलं आणि मान हलवली. इतकं तापलेलं औषध द्यायचा त्यांना धीर झाला नाही. बाहेर ध्वनिक्षेपकावर जागृतीचं महत्त्व सांगणं चालूच होतं. साईशला पणजीला न्यावं लागलं. त्याचा जीव वाचला, पण गुडघा पुन्हा नीट वाकला नाही.

चूक कुणाची, यावर खूप बोलणं झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, फ्रिजच लहान आहे. ऐकलंत? मी लहान!

पुढच्या वर्षी तो दिवस पुन्हा आला. तोच मंडप, तीच परडी. दत्ताराम आत आले तर माझ्या दाराला पाठ लावून साईश स्टुलावर बसला होता. एक पाय समोर ताठ.

"बाबू, मात्सो सर पळोवया."

"हांव सरचों ना," साईश म्हणाला. "भितर म्हजें वखद आसा." वरच्या कप्प्यात त्याचं औषध पुन्हा आलं होतं.

दत्ताराम त्या पायाकडे बघत राहिले. मग परडी घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी साहेबांच्या गळ्यात सुकलेली सुरंगी पडली. आभाळ कोसळलं नाही.

मित्रांनो, दिवस पाळायचे तर खुशाल पाळा. फलक रंगवा, भाषणं करा. पण ज्याच्यासाठी तो दिवस आहे, त्याचं औषध जागेवर आहे का, ते आधी बघा. मी अजून थंड आहे. वरच्या कप्प्यात साईशचं नवं खोकं आहे. त्याला हात लावू नका.