चार मीटरची रेघ

मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी शहराच्या पूर्वेकडच्या उंच टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद झाला. टाकीत तेव्हा तीन मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर पाणी होतं, म्हणजे ती भरलेली नव्हती. नियंत्रण कक्षाची ड्यूटी एकाच माणसाकडे होती.

ते म्हणजे पंपवाले काका. ते क्लोरीन तपासायला खाली गेले होते. परत येऊन त्यांनी व्हॉल्व्ह उघडला तोवर चाळीस मिनिटं उलटली होती, आणि दाब उतरल्याने रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर डायलिसिसची मशीनं थांबवावी लागली होती. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण चार महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं होतं. नियंत्रण कक्षातलं कॉम्प्युटरचं मशीन प्रत्येक वेळी वेळ आणि पाण्याची उंची नोंदवायचं, व्हॉल्व्ह कोणी बंद केला ते नाही. त्यावरचा प्रोग्रॅम स्वतःहून व्हॉल्व्ह बंद करायचा तो पाणी चार मीटर नव्वदच्या वर गेलं तरच. मग उरला माणसाचा हात. तिन्ही वेळा ड्यूटी काकांचीच, त्यामुळे खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही. संध्याकाळी त्यांना निलंबनाचं पत्र मिळालं. निवृत्तीला सात महिने होते.

हा प्रोग्रॅम सांभाळायचं काम एका छोट्या कंपनीकडे होतं. तिथल्या एका प्रोग्रॅमर बाईला सगळे नवलाई म्हणत. कुठेही निघालेलं नवं साधन आधी तिच्या कॉम्प्युटरवर चढायचं आणि बहुतेक वेळा कॉम्प्युटरला झोपवायचं. "नवलाई, आज श्वास चालू आहे का त्याचा?" असं विचारल्याशिवाय शेजारच्या टेबलावरचा, प्रोग्रॅम तपासणारा टेस्टर कामाला लागत नसे. घरी आईची तर सक्त ताकीद होती. "माझ्या फोनला हात लावू नकोस. मला त्यावरून बोलायचं असतं."

तीन आठवड्यांपूर्वी तिला एक रेकॉर्डर सापडला होता. चालत्या प्रोग्रॅमचं पाऊल न् पाऊल तो टिपून ठेवायचा आणि नंतर उलटं चालवून दाखवायचा. दूर देशातल्या एका बाईने एकटीने लिहिलेला, आवृत्ती शून्य पूर्णांक तीन. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना होती की महत्त्वाच्या कामासाठी वापरू नये. नवलाईने तो नियंत्रण कक्षातल्या मशीनवर बसवला आणि कोणाजवळ ब्र काढला नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, एवढं तिला कळत होतं.

बुधवारी सकाळी साडेनऊला तिने मंगळवारचं रेकॉर्डिंग उघडलं. बंद झालेल्या व्हॉल्व्हपासून ती मागे निघाली आणि पडद्यावर मंगळवार उलटा वाहू लागला. सुटलेला हुकूम माघारी आला. पुसले गेलेले आकडे आपापल्या जागी परत येऊन बसले. ते मशीन सेकंदाला कोट्यवधी पावलं टाकत होतं आणि त्यातलं एकही हरवलं नव्हतं. पंधरा वर्षं ती प्रोग्रॅम लिहीत होती. इतके दिवस चूक शोधायची म्हणजे राखेवरून आग कशी लागली ते ओळखायचं. आज ती आग लागण्याआधीच्या खोलीत उभी होती.

पाण्याची उंची दोन खणांत ठेवलेली होती. एकात मीटर, दुसऱ्यात सेंटिमीटर. पाणी चार मीटरवरून तीन मीटर अठ्ठ्याण्णववर उतरलं तेव्हा प्रोग्रॅमच्या एका भागाने आधी सेंटिमीटरच्या खणात अठ्ठ्याण्णव लिहिले. मीटरच्या खणातल्या चाराचा तीन करायचा राहिला होता, तेवढ्यात दुसरा भाग आला आणि वाचून गेला: चार मीटर अठ्ठ्याण्णव. टाकी भरली. व्हॉल्व्ह बंद. पुढच्याच पावलाला चाराचा तीन झाला आणि पुरावा नाहीसा झाला. पाणी चार मीटरच्या खाली उतरायचं ते दुपारी, काकांच्या ड्यूटीत.

ती पुढे गेली, पुन्हा मागे आली. सात वेळा. मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. प्रोग्रॅमचा हा दोन खणांचा भाग कोणी लिहिला होता ते तिने पाहिलं नाही.

अकरा वाजता तिने काकांना बोलावून घेतलं. ते खुर्चीच्या कडेला बसले.

"ताई, यात मी कुठे आहे?"

"तुम्ही नाहीच आहात, काका. त्या वेळात एकही बटण दाबलं गेलेलं नाही."

"पुन्हा दाखवा."

तिने दाखवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"चार महिने मी स्वतःलाच विचारतोय, नकळत हात लागला का. बायको म्हणाली, वय झालं, तुमच्या लक्षात राहत नसेल." त्यांनी पडद्यावरच्या चारावर बोट टेकवलं. "हा एवढा किती वेळ होता?"

"पापणी लवते ना, तेवढ्यात असे लाखो मावतील."

"आणि तेवढ्यात माझी एकतीस वर्षं गिळली की याने." ते हसले, पण बोट काढलं नाही. "अजून एकदा मागे घ्या."

कंपनीतल्या तिच्या साहेबांनी मात्र रेकॉर्डिंग बघण्याआधी दार लावून घेतलं.

"हे बसवायला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"काकांच्या चौकशी समितीपुढे नेलंस तर त्यांच्या आधी तुझी चौकशी लागेल."

"लागू दे."

"तुझ्या हौसेपायी एक दिवस मला घरी बसावं लागणार आहे."

"बसा की. घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी नवीन टाकून देते."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग रेकॉर्डिंग पाहिलं. शेवटी समितीला फोन त्यांनीच लावला.

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्ष निवृत्त अभियंता होते. त्यांनी सगळं शांतपणे पाहून विचारलं, "हे साधन आणखी कोण वापरतं? दोन संस्थांची नावं द्या."

तिने तिथूनच रेकॉर्डिंग जोडून रेकॉर्डरवाल्या बाईला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं. आजवर अकरा जणांनी तो बसवला, नऊ जणांनी काढून टाकला, उरलेल्या दोघांत एक मी आणि एक तुम्ही. खाली आणखी एक ओळ होती: तुम्ही पाठवलेलं पाहिलं, माझ्या साधनाला हे जमतं हे मलाही माहीत नव्हतं.

"यानेच मशीन अडखळलं नसेल कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं.

"पहिल्या दोन वेळी हे नव्हतं."

"पहिल्या दोन वेळी माणूस असेल." ते काकांकडे न बघता म्हणाले. "हे साधन न लावता तीच चूक घडवून दाखवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

सोमवारी सकाळी ऑफिसात एका मशीनवर तोच प्रोग्रॅम चालू झाला. त्याला जोडलेल्या खोट्या टाकीत पाणी काही सेकंदांत चढतं आणि चार मीटरच्या खाली उतरतं. हे मशीन नियंत्रण कक्षातल्यापेक्षा नवं आणि बरंच वेगवान आहे, त्यामुळे त्या दोन पावलांमधली फट आणखी बारीक झाली आहे. तसं जुनं मशीन अजून मिळालेलं नाही. काका रोज नऊला येतात आणि पडद्यासमोर बसतात. टेस्टर त्यांना चहा आणून देतो.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पाणी एक लाख बारा हजार वेळा ती रेघ ओलांडून खाली गेलं होतं. व्हॉल्व्ह एकदाही बंद झाला नव्हता. समिती उद्या अकराला बसणार आहे.