अरोरापर्यंत न पोचलेला गोळा

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना गोळा आहे. आकाराने मोसंबीएवढा, रंगाने काळपट आणि खरे सांगायचे तर कुठल्याच कामाचा नाही.

मला घडवले रामचंद्रने. तो गिरणीत टर्नर होता, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारा. संप लांबत गेला, गिरणीचे फाटक काही उघडेना. तेव्हा परळच्या फ्रँकने त्याला आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे केले. "ही जोडी पास झाली तर दरवर्षी काम येईल. मग तू कायम," फ्रँक म्हणाला. तो शब्द ऐकायला रामचंद्रचे कान आसुसले होते.

जोडी म्हणजे मी आणि माझा जुळा भाऊ. दूर उत्तरेच्या आकाशात अरोरा नावाचा हिरवा प्रकाश नाचतो. त्यातले विद्युत क्षेत्र मोजायला एक छोटे रॉकेट जाणार होते. वर गेल्यावर त्याचे लांब हात उघडणार आणि टोकांना आम्ही असणार. आम्हा दोघांमधला विजेच्या दाबाचा फरक मोजायचा, म्हणून आमच्या अंगात काडीचाही फरक नको. अंगभर सारखा असा ग्राफाइटचा काळा लेप चढल्यावर तर, तो निघू नये म्हणून रामचंद्र हातमोज्याशिवाय आम्हाला शिवत नसे.

मग खंडेनवमी आली. गिरणीत या दिवशी एकूणएक यंत्राची पूजा होई. रामचंद्रने लेथला झेंडू वाहिले. त्याची बायको गुणवंती हळदकुंकू घेऊन आली होती. तिची नजर आमच्यावर गेली.

"आनि ह्यांना वो? एवढ्या लांब जायाचं, कोऱ्या कपाळानं कसं पाठवायचं?"

रामचंद्र घुटमळला. "लाव. पन बोट हलकं ठेव. मागनं पुसतो मी."

किती आनंद झाला होता मला! पण पुसताना कुंकवाबरोबर लेपही निघाला. माझा थोडा, भावाचा जास्त. तपासणीच्या साहेबांनी आम्हाला बाजूला सारले. रॉकेटची तारीख ठरलेली, नव्या लेपाला सवड नव्हती. दुसऱ्या कारखान्याचे गोळे गेले आणि पुढचे कामही तिकडेच गेले.

"काय केलंस रे हे, रामचंद्र?" फ्रँक एवढेच बोलला. काही दिवसांनी त्याने लेथ विकला.

"माझ्या हातानं झालं," गुणवंती रडत राहिली.

"'लाव' असं तर मीच म्हटलं ना?" रामचंद्र म्हणाला. त्यानंतर त्याला लेथवर कुणी उभे केले नाही.

भाऊ भंगारात वितळला. मला रामचंद्रने घरी आणले; त्याच्या लालबागच्या खोलीत मी फळीवर आहे. दर खंडेनवमीला रामचंद्र मला खाली उतरवतो आणि गुणवंतीला म्हणतो, "लाव." पूजेला घरात दुसरे हत्यार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून लख्ख करायची तुम्हाला हौस असते. कधी मी तुमच्या हाती लागलो, तर एवढे करा. माझे कुंकू पुसू नका.