दहा लिटरचा मी आणि पाचवी बादली

मी एक जुना गीझर आहे, दहा लिटरचा. मित्रांनो, सध्या मी वारज्यातल्या एका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी आडवा पडलो आहे. थोड्या वेळात भंगारवाला येईल. तो यायच्या आत मला तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. बारा वर्षं ती माझ्या पोटात खदखदत होती आणि मला सांगता येत नव्हती. गीझरला तोंड नसतं. एक तांबडा दिवा असतो आणि अधूनमधून आतून येणारा 'टक' असा आवाज. तेवढ्यावरून कोण काय समजणार?

कारखान्यात पत्रा वळवून माझी टाकी केली, आत कॉइल बसवली आणि मला पांढराशुभ्र रंग दिला. तिथून मी सिराजभाईंच्या दुकानात आलो. मांडणीवर माझ्या शेजारी पंचवीस लिटरवाले ऐटीत बसलेले असत. मी आटोपशीर होतो आणि मला त्याचा फार अभिमान होता.

एके दिवशी सीतारामआजोबा आणि हिराआजी दुकानात आले. तेव्हा ते आजी-आजोबा झाले नव्हते. मुलाचं, अभयचं, नुकतंच लग्न झालं होतं.

"घरात माणसं किती, काका?" सिराजभाईंनी विचारलं.

"चार. आम्ही दोघं, मुलगा आणि सून."

"मला त्यात धरू नका," हिराआजी म्हणाल्या. "मला गारच आवडतं."

"आमची हिरा भर डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ करते," आजोबा कौतुकानं म्हणाले. "आपल्याला नाही जमायचं."

"मग तिघंच. दहाचा चालेल. फक्त प्रत्येकाच्या मध्ये पंधरा मिनिटं थांबा."

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, माझा हिशेब सोपा आहे. माझ्यातल्या कढत पाण्यात गार मिसळलं की एक बादली भरते आणि दोन-चार तांबे उरतात. पुढची बादली हवी तर मला पुन्हा तापू द्यावं लागतं. पण पुण्यात सकाळी पंधरा मिनिटं थांबायला वेळ कुणाला असतो? अभयची कंपनीची बस, सूनबाई आम्रपालीची बँक, आजोबांचं फिरणं. पुढे निकिता जन्मली, तिची शाळा सुरू झाली. साडेसहापासून दारावर थापा पडायला लागत. एकाचं पाणी तापतंय तोवर दुसरा नळ सोडायचा. मी धापा टाकत असे. पावणेआठला सगळे गेले की कुणीतरी जाता जाता बटण बंद करायचं.

नऊ वाजता, डबे आणि ओटा आवरून, हिराआजी येत.

आणि तेव्हा माझा जीव नुसता वरखाली होई. कारण त्या आल्या की आधी गरम नळ सोडत. तळहात खाली धरत. घोटभर कोमट पाणी येई आणि मग गार. त्या नळ बंद करत, थोडं थांबत, पुन्हा सोडत. बटण दाबलं असतं तर मी पंधरा मिनिटांत पाणी दिलं असतं. पण बटण बाहेर, बैठकीच्या दारापाशी होतं. तिथला तांबडा दिवा लागला की फिरून येऊन पेपर वाचणाऱ्या आजोबांना दिसला असता. ज्या बायकोचं कौतुक ते चारचौघांत सांगत, ती गरम पाणी घेते हे कळलं असतं. म्हणून त्या बटण दाबत नसत. गार तांब्या अंगावर ओतत आणि श्वास आत ओढत. अलीकडे त्यांचे गुडघे सुजलेले असत. मी त्यांच्यासाठी थोडी ऊब मागे ठेवायची धडपड रोज केली, पण दहा लिटरच्या पोटात किती ठेवणार? त्यातून आमच्याकडे बोअरचं पाणी. आत क्षारांचा थर चढत गेला आणि मी आणखीच तोकडा झालो. मला उघडून साफ करावं, असं बारा वर्षांत कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी परवा मी गळायला लागलो. काल सिराजभाईंना बोलावलं होतं, म्हणून आम्रपालीनं रजा घेतली. एरवी कामाच्या दिवशी नऊ वाजता ती घरी नसे. पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. आत आजींनी गरम नळ सोडला. बंद केला. सोडला. बंद केला. तिसऱ्यांदा सोडला. मग गार पाण्याचा पहिला तांब्या, आणि तो श्वास. बाहेर घड्या घालायचा आवाज थांबला.

दहाला सिराजभाई आले. त्यांचे केस पांढरे झाले होते.

"हा मीच दिलेला. आता माणसं किती, काका?"

"चार," आजोबा म्हणाले. "मुलगा, सून, नात, मी. हिराला तर गारच..."

"पाच," आम्रपाली म्हणाली.

"अगं, मला कशाला धरतेस? मला गारच आवडतं."

"मग गरम नळ तीनदा कशाला सोडलात, आई?"

आजींनी पदराला हात पुसले.

"सवय गं. माहेरी पाणी तापवायचं माझ्याकडे. सात जणांचं होईस्तोवर पातेलं रिकामं. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून म्हणायची, मला गारच आवडतं. मग तेच चिकटलं."

"आणि मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत हिंडलो," आजोबा म्हणाले.

"तुम्ही सांगायचात ते ऐकायला बरं वाटायचं. म्हणून तर पुढेही काही बोलले नाही."

सिराजभाई खाकरले. "मी तेव्हा दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, काकू. पंचवीसचा लावतो. जागा कमी आहे, आडवा बसवू."

काल संध्याकाळी मला भिंतीवरून उतरवलं. खोटं कशाला बोलू, मला त्या पंचवीसवाल्याचा हेवा वाटला. रात्रभर एकच काळजी होती. पाणी आलं तरी आजी बटण दाबतील का?

आज पहाटे आम्रपालीनं स्वतःच बटण दाबलं आणि आजींचा टॉवेल बाथरूमच्या दारावर टाकला. "आई, पहिला नंबर तुमचा."

मी कान देऊन ऐकत होतो. बादली भरली. नळ एकदाच सुटला. तांब्यामागून तांब्या पडत राहिला, सावकाश. पॅसेजमध्ये सगळं घर टॉवेल घेऊन उभं होतं. अखेर आजोबांनी दारावर टकटक केलं.

"हिरा, आटपलं का?"

"थांबा जरा," आतून आवाज आला.

बारा वर्षांत त्यांनी कुणाला थांबवलेलं मी ऐकलं नव्हतं. बाहेरही कुणी कुरकुर केली नाही.

खाली भंगारवाल्याची हाक ऐकू येते आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या गीझरला वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. आणि नवा घ्यायला जाल तेव्हा माणसं नीट मोजा. 'मला त्यात धरू नका' असं जे म्हणेल, त्याला आधी धरा.