मोठ्यानं बोललेला संकल्प

ते १९७९ साल. मुंगेरला गंगेच्या काठी एका आश्रमात योगशिक्षिका व्हायला आम्ही बावीस जणी आलो होतो. मी, तारामणी, अठ्ठावीस वर्षांची, नदीपलीकडच्या बेगूसरायची. अंगानं इतकी भरलेली की सासरी मला कणगी म्हणत. सासूबाईंनी सहा महिने सोडलं होतं, ते एका बोलीवर. "पास झालीस तर गावात वर्ग काढ, मी आडवी येणार नाही. नापास झालीस तर निमूट चुलीपाशी बसायचं."

रोज दुपारी योगनिद्रा असे. सतरंजीवर उताणं पडायचं, शिकवणाऱ्या माताजी सांगतील तसं मन पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत फिरवायचं, आणि सुरुवातीला व शेवटी आपला संकल्प मनातल्या मनात तीनदा म्हणायचा. संकल्प एकच, रोज त्याच शब्दांत, आणि कुणालाही न सांगता. नावात निद्रा असली तरी झोपायला सक्त मनाई. मी नेमकी झोपायचे.

पाचव्या महिन्यात एका दुपारी दही-चुडा, म्हणजे दही-पोहे, पोटभर खाऊन मी आडवी झाले. पुढचं मला इतरांनी सांगितलं. माताजी म्हणाल्या, "आता आपला संकल्प म्हणा," आणि त्या शांततेत माझा आवाज खणखणीत उठला, "देवा, मला सरयू भौजीसारखी बारीक कर! देवा, मला सरयू भौजीसारखी बारीक कर!" तिसऱ्या वेळेआधी शेजारच्या सरयू भौजीनंच कोपर मारून मला उठवलं.

ही भौजी, म्हणजे आमची सगळ्यांची वहिनी, भागलपूरची, माझ्याच खोलीतली, काडीसारखी. "अगं वेडे," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्यासारखी होऊन करणार काय? वारा सुटला की माझा नवरा मला अंगणात जाऊ देत नाही!"

सगळा वर्ग पोट धरून हसला. मी खोलीत जाऊन ट्रंक भरायला घेतली.

माताजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठं निघालीस?"

"स्टीमर गाठते, माताजी. संकल्प फुटला. आता तो कसला फळतोय!"

"संकल्प असता तर फुटला असता. ते गाऱ्हाणं होतं." त्या ट्रंकेवरच बसल्या. "पाच महिने दिवसातून सहा वेळा तू या देहाला सांगत आलीस की तू मला नकोस. त्यानं ऐकलं आणि बिचारा झोपून गेला."

"मग काय मागू?"

"मागू नकोस. संकल्प म्हणजे भीक नव्हे. जे खरं आहे आणि तुला पटत नाही, ते म्हण. आणि मला सांगू नकोस. एकदा ऐकलं तेवढं पुरे!"

तीन दिवस मी शब्द शोधत होते. कितीतरी वाक्यं मनात म्हणून पाहिली, प्रत्येकात कुठंतरी 'होऊ दे' येई. चौथ्या दिवशी ते सापडलं. आता पंच्याहत्तरीला सांगायला हरकत नाही: मी आहे तशी पुरी आहे. पहिले आठ-दहा दिवस ते म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटे, डोळे भरून येत. पण झोप मात्र कधी लागली नाही.

महिन्याभरानं परीक्षा झाली. गावातल्या शंभरेक बायका सभागृहात आडव्या झालेल्या, त्यांना योगनिद्रा द्यायची. परीक्षक गिरिजानंद स्वामी बाहेरून आलेले, कडक. त्यांचा नियम असा की दोनपेक्षा जास्त माणसं झोपली की नापास. माझी पाळी जेवणानंतर आली, आणि त्यातच वीज गेली. लाउडस्पीकर बंद.

मी लाकडी चौथऱ्यावर चढले तशी फळी करकरली. मागून एक बाई खिदळली, "हीच गं ती, बारीक कर म्हणणारी!" गोष्ट गावभर झाली होती तर.

मी डोळे मिटले, माझं वाक्य तीनदा म्हटलं, आणि डोळे उघडून म्हणाले, "होय बाई, तीच मी! झोपले म्हणून फसले. आज तुमच्यातली जी झोपेल, तिचंही गुपित असंच बाजारात जाईल. सांगून ठेवते."

हशा उसळला, आणि विरला तेव्हा सगळ्या टक्क जाग्या होत्या. मग मी सुरू केलं. माझा आवाज बेंबीपासून निघतो, जाडाभरडा आहे. तो त्या दिवशी शेवटच्या सतरंजीपर्यंत सहज गेला. हा आवाज याच देहात मावतो, दुसऱ्यात मावला नसता, हे मला तिथं बोलता बोलता कळलं. बत्तीस मिनिटं एकही बाई झोपली नाही.

घोरण्याचा आवाज आला तो परीक्षकांच्या खुर्चीतून. माताजी जोरात खोकल्या. स्वामी दचकून उठले, दाढी सावरून म्हणाले, "एकच झोपला, तो मी. नियमात बसतं. पास!"

बायकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सरयू भौजीनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी चौथऱ्यावरून खाली आलो.

सासूबाईंनी शब्द पाळला. वर्गासाठी ओसरी मोकळी करून दिली, आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच मागच्या रांगेत येऊन बसू लागल्या, त्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी जाईपर्यंत. गिरिजानंद स्वामी हिमालयात गेले, पुढं पत्ता नाही. माताजींनी १९९४ मध्ये देह ठेवला. सरयू भौजीनं भागलपूरच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, चार वर्षांपूर्वी ती गेली. माझ्या हाताखालच्या चौदा जणी आज स्वतः शिकवतात. त्यातली सर्वांत धाकटी इंदुबाला बरौनीला आहे. काल तिचा पहिला वर्ग झाला, आणि पंचेचाळीस बायका आल्या होत्या.