फक्कीची रेघ

ग्यानबा रेघेवर मांडी घालून बसला होता आणि उठायला तयार नव्हता. त्याने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, असं लिलाबाईंनी भावाला हलक्या आवाजात सांगितलं. त्यांचे धाकटे भाऊ, प्रोफेसर रंगराव, कामरगावहून चुन्याच्या फक्कीचं आणखी एक पोतं घेऊन नुकतेच उतरले होते.

"किती जमीन जाते साहेब?" ग्यानबाने विचारलं. "हीर धरून जाते, का हीर सोडून?"

'साहेब' ऐकून रंगराव ओशाळले. दोघे धनजच्या एकाच शाळेतले, एकाच वयाचे. इतकी वर्षं तो त्यांना रंगरावच म्हणत आला होता.

ग्यानबाचं तरी काय चुकलं? बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावासाठी अशाच पांढऱ्या रेघा पडल्या होत्या आणि रेघ पडली ती जमीन गेली होती. त्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. रंगराव अमरावतीला कॉलेजात ड्रॉइंग शिकवतात, हे गावाला ठाऊक होतं. ड्रॉइंग म्हणजे नकाशा आणि नकाशा म्हणजे मोजणी. त्यात हा माणूस तीन दिवस खुंट्या ठोकत, सुतळी ताणत उन्हात फिरतो आहे म्हटल्यावर दुसरं काही सुचणार तरी कसं? ग्यानबाचा दोन एकरांचा मळा त्या विहिरीवर उभा होता. वांगी, कांदे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. कामरगावच्या बाजारात त्याचा माल दुपारपर्यंत संपून जाई.

रंगरावांनी परोपरीने समजावलं. हे चित्र आहे, म्हणाले. कागदावर काढतात तसंच, फक्त जमिनीवर. एरवी वर्गात तासभर बोलणारा माणूस, पण इथे त्यांना धड चार वाक्यं जुळवता येईनात. अठरा वर्षं ते पोरांना पेन्सिल धरायला शिकवत होते. अलीकडे मात्र त्यांना कागद पुरेनासा झाला होता. ज्या जागेची गोष्ट, तिथेच ती मांडावी असं वाटू लागलं होतं. अशा कामाला पुढे मांडणशिल्प हे भारदस्त नाव मिळालं. तेव्हा कॉलेजातले सहकारी 'सर फक्की मारायला गेले' म्हणून हसत. ही रेघ म्हणजे त्या हसण्याला त्यांचं उत्तर होतं. चारच्या गाडीने कारंज्याचा फोटोग्राफर फुलचंद येणार होता, आणि ते फोटो मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार होते.

"चित्र हाय तं पुसून दाखवा," ग्यानबा म्हणाला. "सरकारी रेघ कोनी पुसत नाई."

रंगरावांनी लिलाबाईंकडे पाहिलं. मग मनगटाकडे. घड्याळात तीन वाजून गेले होते. एवढी लांब रेघ पुन्हा काढणं आता शक्य नव्हतं. रागही आला त्यांना. मग त्यांनी चपला काढल्या, नाल्याच्या टोकाला गेले आणि पायाने रेघ पुसायला लागले. एक हात, दोन हात, दहा हात. पांढरं मातीत मिसळून राखाडी झालं.

पंधरा-वीस हात पुसून होईपर्यंत ग्यानबा बघत राहिला. मग एकदम उठला.

"बस, रंगराव. पटलं मले."

त्याने डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं, डोळे पुसले आणि लहान पोरासारखा खिदळला. कालपासून छातीवर धोंडा होता, म्हणाला. लिलाबाईंनी भाकरी पुढे केली, ती त्याने उभ्यानेच खाल्ली. पोटात अन्न गेल्यावर त्याला चौकशी सुचली.

"पन मंग हे काढलं कायले?"

"माय या वाटेनं पानी आने," लिलाबाईंनी सांगितलं. "नाल्यावरून घरापावतर. मी रोज संगं जाओ."

ग्यानबाने रेघेवरून नजर फिरवली. नाल्यापासून ती सरळ त्याच्या विहिरीच्या दिशेने येत होती. बांधाशी आली, की अंग चोरल्यासारखी वळे आणि लांबचा वळसा घालून गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे जाई. त्याच्या हद्दीत फक्कीचा एक कणही पडलेला नव्हता.

"इथं वाकडी काहून..." म्हणता म्हणता तो थांबला. विहीर त्याच्या बापाने खोदली होती. वस्तीतल्या कुणाचा हात पाण्याला लागू नये म्हणून काठावर काठी घेऊन कोण बसत असे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मग ग्यानबाने फक्कीचं घमेलं उचललं. वळणापाशी वाकला, मूठ भरली आणि बांध ओलांडून, मागे मागे सरकत रेघ ओढत निघाला. कांद्याच्या वाफ्याच्या कडेने, मोटेचे बैल चालतात त्या धावेवरून, थेट विहिरीच्या काठापर्यंत. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, मधे चक्क तुटलेली.

अठरा वर्षं पोरांच्या रेघा दुरुस्त करणारे रंगराव जागचे हलले नाहीत. त्यांचा राग कधीच गेला होता. फार हलकं वाटत होतं.

फाट्यावर गाडीचा आवाज आला. लिलाबाई वळणापासून ग्यानबाच्या रेघेच्या कडेने चालत विहिरीपाशी गेल्या. पहिल्यांदाच आत डोकावून पाहिलं.

"वीस पावलंच व्हती," त्या म्हणाल्या.