दोन सूर वर

मोठ्या बहिणीशी एक वाक्य बोलायचं होतं, एवढंच. चष्मेवाल्याला ते जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणून त्याने जे केलं ते वैऱ्याशीही कुणी करू नये. बरं, माणूस वाईट नव्हता हो. चौकातल्या आपल्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायचा, एक काच काढून दुसरी घालायचा आणि शांतपणे विचारायचा, "आता बरं दिसतंय की मघाशी?" कधी आवाज चढवणं नाही, कधी घाई नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं की तो वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हजर. तिथे भरणाऱ्या गाण्याच्या मंडळाचा तो म्होरक्या होता.

मंडळ तरी कसलं, जमेल तसं गाणाऱ्यांची मोट. एक शिंपी, दोन नर्सबाई, बँकेतला कॅशियर, मुलं परगावी गेल्यामुळे ज्यांना संध्याकाळ खायला उठते असे आईबाप. लिहिलेले सूर वाचता येणारी एकटी पियानोवाली, तीही दिवसा गणित शिकवायची. तिने पियानोवर सूर द्यायचा, बाकीच्यांनी तो धरायचा आणि गायला लागायचं, ही इथली रीत. कुठला सूर दिलास, असं आजवर कुणी तिला विचारलं नव्हतं. कशाला विचारतील? दिला तो खरा.

आणि मंडळ मुळात ताईचं. ताई म्हणजे चष्मेवाल्याची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याचं न्हाणंधुणं, शाळा, तापात उशाशी बसणं, सगळं हिनेच केलं. टेलिफोन ऑफिसात कानाला यंत्र लावून नोकरी केली, त्याला दुकान घालून दिलं, आणि आता कुठे स्वतःचं काही करू म्हणून शेजारच्या चार बायका गोळा करून गायला बसली. पुढे पसारा वाढला तसा कारभार धाकट्यावर सोपवला, पण एक मान तिचाच राहिला. दर हंगामाचा पहिला कार्यक्रम ताईच्या गाण्याने उघडायचा. पियानोचा एक सूर, मग ताई एकटी पहिलं कडवं म्हणणार, आणि दुसऱ्या कडव्याला पियानोसकट सगळे तिच्या जोडीला येणार.

गेल्या हंगामात ती घसरली. कडव्यातल्या उंच ओळीला आवाज पोचेना, आणि ती नकळत खाली उतरून तिथूनच पुढे गात राहिली. मग ठरल्याप्रमाणे पियानो आणि मंडळ आपल्या जागी सुरू झालं, आणि जे काही ऐकू आलं त्याने पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसलं. कार्यक्रम संपल्यावर सगळे गोड गोड बोलले. ताईही हसली. चष्मेवाल्याला वाटलं, हिला कळलंच नाही.

यंदाच्या हंगामाची आखणी करायला सगळे जमले तेव्हा ताईला मुद्दाम उशिराची वेळ कळवली होती. हे चष्मेवाल्यानेच केलं. तीन कार्यक्रम ठरले. पहिला इस्पितळाच्या अंगणात, दुसरा खाली वाचनालयात, शेवटचा नगरभवनात. गाणी ठरली, खुर्च्या कुणी आणायच्या तेही ठरलं. सुरुवातीच्या गाण्यापाशी गाडी आली आणि सगळे मूग गिळून बसले.

शेवटी कॅशियर म्हणाला, "कुणीतरी बोलायला हवं त्यांच्याशी. या वर्षी रांगेत उभ्या राहा म्हणावं, एकट्याने नको."

"कुणीतरी म्हणजे कोण?" नर्सबाईंपैकी एक जण चष्मेवाल्याकडे बघत म्हणाली. "भाऊ आहे की बसलेला."

"मी बघतो," चष्मेवाला म्हणाला.

तेवढ्यात ताई आलीच. जिन्याने दमलेली, पण चेहरा उजळलेला. "माझ्याआधीच सुरू केलंत होय? चांगलंय. अरे, मला पहिल्या गाण्याबद्दल तुझ्याशी जरा बोलायचंय."

याची पाचावर धारण बसली. "तालमीला बघू ना ताई," तो घाईघाईने म्हणाला. "आज उशीर झालाय सगळ्यांना." ताई बरं म्हणाली आणि सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी करायला लागली.

आठवडाभर तो 'आज सांगतो, उद्या सांगतो' करत राहिला. तिच्या दारावरून गेला, आत डोकावला, चहा घेऊन परत आला. जिने आपल्याला पाढे शिकवले तिला 'तू बेसूर झालीस' कुठल्या तोंडाने सांगायचं? मग दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर काच धरता धरता त्याला ती युक्ती सुचली. युक्ती कसली, भेकडपणाच तो. तिचं तिलाच कळलं तर? आपल्याला एक अक्षर बोलावं लागणार नाही.

तालमीच्या दिवशी तो लवकर गेला आणि पियानोवालीला म्हणाला, "ताईचं गाणं आज दोन सूर वर घ्यायचं."

"वर?" ती बघतच राहिली. "नेहमीचंच जड जातंय त्यांना."

"म्हणूनच."

तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. "त्यापेक्षा सरळ सांगा ना, दादा. त्या काही लहान नाहीत."

"तुला ताई माहीत नाही. तू फक्त सूर दे."

तिने दिला. ताई उभी राहिली, पदर सारखा केला, आणि सुरू झाली. पहिल्या ओळीलाच गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. उंच ओळीपाशी आवाज फाटला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली, पुन्हा सूर मागितला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर आवाज फुटलाच नाही, नुसता वारा. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना.

"माझं झालं वाटतं," ताई म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग पिशवी उचलली आणि, "तुमचं चालू दे," म्हणून जिना उतरून गेली.

खोटं कशाला बोला, चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस रुसेल, मग येऊन रांगेत उभी राहील, असा त्याचा हिशेब. पण पुढच्या तालमीला ताई आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा मात्र त्याला राहवेना. दुकान लवकर बंद करून तो तिच्याकडे गेला.

ताई खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. घर शांत होतं. कामाला हात लागला की गुणगुणणारी बाई ही. ते गुणगुणणं नव्हतं, म्हणून घर एवढं शांत होतं.

"घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले," ती आपणहून म्हणाली. "काही नाही म्हणतात. वय म्हणतात."

"रांगेत तरी ये, ताई."

"कशाला? लोकांना तोंड हलवून दाखवायला?" ती हसली, पण डोळे नाही हसले. "गेल्या वर्षी खाली आले ना मी, ते कळलं होतं मला. घरी येऊन रडले होते. मग वर्षभर इथे गात बसले, थोडं खालून. दोन सूर खाली घेतलं तर छान बसत होतं रे. तुला तेच सांगायचं होतं त्या दिवशी, की यंदा खाली घेऊ या. पण तालमीला आधी नेहमीच्या सुरात म्हणून बघायला उभी राहिले, तर पहिली ओळसुद्धा निघेना. म्हटलं, वर्षभर स्वतःलाच फसवलं मी."

सोलायला घेतलेली शेंग चष्मेवाल्याच्या हातात तशीच राहिली. दोन सूर खाली. तेवढंच करायचं होतं, आणि ते करायला ताईशी काही बोलावंही लागलं नसतं.

"नेहमीचा नव्हता तो," तो म्हणाला.

"काय नव्हता?"

"सूर. मी वर घ्यायला लावला होता. दोन सूर. तुझं तुलाच कळावं म्हणून. मला सांगायची हिंमत झाली नाही, ताई."

ताई ओरडली असती, पाठीत धपाटा घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने मांडीवरची टरफलं गोळा करून कागदावर ठेवली.

"म्हणजे गळा आहे माझा," ती म्हणाली.

"आहे. चांगला आहे. खाली घेऊ आपण, तू म्हणशील तेवढं. इस्पितळातला पहिला कार्यक्रम तुझ्याच गाण्याने उघडू. आत्ता म्हणून बघ ना." आणि पियानो नव्हता म्हणून त्याने स्वतःच सूर लावला. खाली, तिला सोसेल असा, हळुवार. लहानपणी तिने शिकवला होता तसा श्वास भरून त्याने तो धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

ताईने ऐकला. तिचे ओठ किंचित उघडले, मग मिटले.

"हाच का?" तिने विचारलं.

"हाच. शप्पथ."

"असेल," ताई म्हणाली, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.