पंख्याशेजारची जस्ताची वडी

मी एक जुनी जस्ताची वडी आहे. मित्रांनो, वडी म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटू देऊ नका. मी साबणाच्या वडीएवढी, राखाडी आणि जड आहे. मला खाण्याचा मान फक्त समुद्राचा.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. मोडीतले जस्त वितळवून तिथल्या कारागिराने मला साच्यात ओतले. एका म्हाताऱ्या कप्तानाने माझ्या सगळ्या भावंडांतून मलाच उचलले आणि आपल्या शिडाच्या होडीच्या बुडाला बोल्टांनी आवळून टाकले. माझ्या शेजारी होडीचा पंखा होता. पंखा म्हणजे होडीला पुढे ढकलणारा पितळी प्रोपेलर. तो मोठा राजबिंडा. त्याच्यापुढे मी अगदीच गबाळी दिसत असे.

माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. माझे काम झिजायचे. पितळ आणि जस्त शेजारी बसून खाऱ्या पाण्यात उतरले, की पाणी पितळ सोडून आधी जस्तावर तुटून पडते. मी झिजते, तोवर पंखा सहीसलामत. हंगाम संपल्यावर कप्तानाने होडी वर काढली, तेव्हा तो आधी माझ्यापाशी उकिडवा बसला. माझ्या अंगावरचे खड्डे चाचपून म्हणाला, "छान झिजतेय. म्हणजे सगळं ठीक आहे." माझे असे कौतुक पुन्हा कोणी केले नाही.

पुढे कप्तानाचे गुडघे धरले. होडी गोदीच्या आवारात टेकूंवर उभी राहिली, ती राहिलीच. कोरड्या जमिनीवर मला धड झिजताही येईना. बिनकामाची भाकरी खाणाऱ्यासारखी गत झाली माझी.

मग एका काका-काकूंनी ती होडी विकत घेतली. काकूंनी उभा जन्म फेरीबोट चालवली होती. या धक्क्यावरून त्या धक्क्यावर आणि परत. काका दुकानांच्या पाट्या रंगवत. आता दोघांना महासागर ओलांडून काकूंच्या थोरल्या बहिणीकडे जायचे होते. बहिणी-बहिणींची कित्येक वर्षांत गाठ नव्हती. थोरली फोनवर विचारी, "निघालात का गं? मी गाद्यांना ऊन दाखवून ठेवलंय." काकू म्हणत, "अजून होडी जमिनीवरच आहे ताई, गाद्या आत घे."

दोघे टेकूंवरच्या होडीतच राहू लागले. पाणी हवे तर बादली घेऊन शिडी उतरा, भांडी घासायची तर पुन्हा उतरा. काका ब्रश वर विसरत आणि रंग खाली. काकू दिवसभर इंजिनात डोके खुपसून बसत, बाहेर आल्या की नाकाला काळे लागलेले असे. काकांचा हात मात्र देखणा. जे दिसेल ते घासायचे आणि रंगवायचे. रिकामी जागा बघितली की त्यांना चैनच पडत नसे.

असेच एकदा ते रंगाचा डबा घेऊन माझ्यापाशी आले. "अरेरे, काय दशा झालीय बिचारीची," असे म्हणून त्यांनी माझ्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासले आणि वर रंगाचे हात चढवले. मी इतकी गुळगुळीत झाले की पंखासुद्धा माझ्याकडे बघत राहिला असेल. घटकाभर मी हरखून गेले. पण रंग वाळला आणि माझ्या लक्षात आले, की आता पाणी माझ्यापर्यंत पोचणारच नाही. ते पंख्याला धरणार. होडीला शिडे आहेत हे खरे. पण वारा पडला आणि होडी खडकांकडे ओढली जाऊ लागली, तर पंख्याशिवाय दुसरा वाली नाही. मित्रांनो, मी फार घाबरले. ज्याला तोंड नाही त्याने सांगायचे तरी कसे?

होडी पाण्यात सोडायचा दिवस आला. क्रेनवाल्याने पट्टे आवळले आणि हाक दिली, "काकू, भरती ओसरायला लागलीय. उचलू का?"

"एक फेरी मारून येते," काकू म्हणाल्या. फेरीबोट सोडण्याआधी तिला हात लावत फिरायची त्यांची सवय. त्यांचा हात बुडावरून सरकत आला, माझ्यावरून गेला आणि तसाच पुढे निघाला. माझी आशाच संपली. मग तो हात मागे आला.

"अहो, इथली वडी कुठे गेली?"

काका खुशीत म्हणाले, "सापडायची नाही तुला. जोडसुद्धा दिसत नाही बघ."

"रंगवलीत?"

"मग काय तशीच ठेवू? सगळी खड्ड्यांनी भरली होती."

"अहो, खड्डे पडणं हेच तिचं काम आहे. ती झिजली नाही तर पंखा झिजेल. आणि तुम्ही तिला चक्क लांबी भरलीत?"

काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, ती आजारी आहे," ते म्हणाले.

काकूंना हसावे की रागवावे कळेना. क्रेनवाला म्हणाला, "पाणी थांबत नाही, काकू."

"पाणी नाही थांबत, तर तुम्ही थांबा."

त्याने क्रेनचे इंजिन बंद केले आणि जेवणाचा डबा उघडला. काका नव्या शर्टानिशी होडीखाली आडवे झाले. खरवडून खरवडून त्यांनी रंग काढला, खिळ्याने एकेक खड्डा कोरला. माझे राखाडी अंग उघडे पडले, तशी काकूंनी मान डोलावली. "पाऊण शिल्लक आहे. पोचवेल ही." होडी पाण्यात उतरली, समुद्राने मला पहिला चावा घेतला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

वाटेत वारा चांगला होता. पलीकडचा किनारा दिसू लागल्यावर मात्र तो पडला आणि प्रवाह आम्हाला खडकांकडे ओढू लागला. काकूंनी इंजिन सुरू केले. पंखा फिरला. त्याचे एकही पाते कच्चे निघाले नाही. होडी धक्क्याला लागली तेव्हा थोरली बहीण तिथे उभी होती. दोघी एकमेकींना धरून बराच वेळ रडल्या. काका नुसतेच दोर बांधत राहिले.

तिथल्या गोदीत होडी वर काढली, तेव्हा मी बिस्किटाएवढी उरले होते. काकांनी मला सोडवले आणि माझ्या जागी नवी वडी बसवली. मग बूड रंगवण्याआधी त्यांनी तिच्यावर कागद चिकटवला आणि त्याच्या कडा बोटांनी दाबल्या. काकूंनी ब्रश त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणी झिजताना दिसले तर त्याला झाकून टाकू नका. खाली वाका आणि अजून किती उरले आहे ते बघा. माझे आता फारसे काही उरले नाही. पण पंखा शाबूत आहे, दोघे पोचले आहेत, आणि मी सुखात आहे.